नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवायला उभं राहण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भौतिकशास्त्रात बी.एस्सी. आणि मग बी.एड. झालंय, जूनपासून तालुक्याच्या गावातल्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान घ्यायचं आहे. वर्गात साठ-पासष्ट मुलं. प्रयोगशाळेचं कपाट आहे, पण ते बऱ्याच काळात कुणी उघडलेलं नाही. कुठली पुस्तकं वाचू, किती खोलात जाऊ आणि हातात असलेल्या दीड महिन्यात नेमकी तयारी काय करू?

पुस्तकांचं शेवटी सांगतो, कारण ती बाब सगळ्यात सोपी आहे. पदवीला तुम्ही जे शिकलात ते नववी-दहावीला पुरून उरतं. नव्या शिक्षकाला कमी पडते ती समोरच्या मुलाच्या डोक्यात आधीपासून काय बसलंय याची माहिती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने सायकल चढावर रेटलेली असते, हातगाडी ढकललेली असते, विहिरीत दगड टाकलेले असतात, टॉर्चमध्ये सेल घातलेले असतात. त्यातून त्याचं स्वतःचं भौतिकशास्त्र तयार झालेलं असतं आणि रोजच्या व्यवहारात ते चालतंही. ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते. जड वस्तू आधी खाली पोचते. सेलमधली वीज बल्बात जाऊन संपते. या समजुतींना हात न लावता तुम्ही वर व्याख्या आणि सूत्रं चढवलीत, तर मूल ती पाठ करतं, ४० पैकी ३७ मार्क मिळवतं आणि मूळ समजूत जशीच्या तशी घेऊन अकरावीत जातं. म्हणून माझं ठाम मत आहे की तयारीचा बराचसा वेळ मुलं काय विचार करतील हे ओळखण्यात आणि तो विचार टेबलावर तपासून बघण्याची सोय करण्यात जायला हवा. आपण काय बोलायचं याची तयारी त्यामानाने थोडक्यात होते.

याला चांगला आधार आहे. १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बल आणि गती या विषयावरची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही. ट्रक आणि लहान मोटार समोरासमोर धडकली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, अशा धर्तीचे साधे बहुपर्यायी प्रश्न, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्याखुऱ्या समजुतींतून उचललेले. यांत्रिकी शिकून झालेली, अवघड गणितं सोडवणारी मुलंही या प्रश्नांत अडखळली. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी शाळा, कॉलेज आणि विद्यापीठ मिळून ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे अशाच प्रश्नावलीतले आकडे एकत्र मांडले. सुरुवातीला मुलांना जेवढं येत नव्हतं, त्यातलं निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के भरून निघालं. मुलांना अंदाज बांधायला लावून, आपसात वाद घालू देऊन शिकवलेल्या वर्गांत हाच आकडा ४८ टक्के होता. ही पद्धत वापरायला महागडं साहित्य लागत नाही, हे आपल्या शाळांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे.

टाचणवही (पाठाच्या नियोजनाची) तुम्हाला ठेवावीच लागेल, पण तिच्या शेजारी स्वतःसाठी एक साधी वही ठेवा. दर पाठाला दोन-तीन पानं. प्रत्येक पानावर एक प्रश्न, त्याखाली मुलं देतील अशी उत्तरं (चुकीची आधी लिहा, ती जास्त कामाची) आणि त्याखाली, ती उत्तरं खरी की खोटी हे ज्यावरून ठरेल अशी एक करून दाखवायची गोष्ट. वर्गात क्रम असा: प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, शेजाऱ्याशी बोलायचं, मग प्रयोग, मग चर्चा. अंदाज लिहून घेतल्याशिवाय प्रयोग दाखवू नका. नाहीतर प्रयोग झाल्यावर सगळा वर्ग म्हणतो, ‘आम्हाला माहीतच होतं.’

नववीचा धाराविद्युतचा पाठ घेऊ. त्यात मुलांच्या समजुती फार पक्क्या असतात आणि तयारीतल्या बारीकसारीक गोष्टींनी सगळा फरक पडतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पहिल्या तासाला व्याख्या नको. चार-पाच मुलांच्या गटाला एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा द्या आणि म्हणा, पेटवा. होल्डर द्यायचा नाही. बरेच गट वायरचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या तळाच्या ठिपक्याला लावून वाट बघत बसतील. सेलला दोन टोकं असतात हे त्यांना माहीत असतं. बल्बलाही दोन असतात, तळाचा ठिपका आणि बाजूचं पितळी कडं, हे माहीत नसतं. त्यांचा दोष नाही. घरात दिव्याकडे जाणारी वायर एकच दिसते, आत दोन असतात हे कुणी उघडून दाखवलेलं नसतं. एखादा गट चाचपडत बल्ब पेटवतो आणि मग वर्गभर आरडाओरडा होतो. होऊ द्या. नंतर फुटलेल्या बल्बच्या आत तार कुठून कुठे गेली आहे ते प्रत्येकाला बघू द्या. बंद परिपथ म्हणजे काय हे त्यानंतर दोन वाक्यांत सांगून होतं.

पुढचा प्रश्न: तीन बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले तर सगळ्यात प्रखर कोणता? मोठा गट म्हणेल, पहिला, कारण वीज आधी त्याच्याकडे येते आणि तो थोडी खाऊन टाकतो. ही समजूत मोडायला तीन सेलवर तीन सारखे बल्ब लावले की झालं, असं पुस्तकावरून वाटतं. इथेच खरी तयारी लागते. एकाच डब्यातले २.५ व्होल्टचे बल्बसुद्धा अगदी सारखे नसतात. वर्गात नेमका मधला किंवा शेवटचा मंद पेटला, की तुमच्याच प्रयोगाने मुलांची चुकीची समजूत पक्की होते. म्हणून आदल्या दिवशी डझनभर बल्ब एकसर लावून सारखे पेटणारे तीन निवडून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे एक मंद बल्ब मुद्दाम हाताशी ठेवा. मुलं ‘बघा, शेवटचा मंद आहे’ म्हणाली की त्याची जागा बदलून त्याला पहिला करा. तो तिथेही मंदच राहतो. मग वर्गालाच विचारा, दोष जागेचा की बल्बचा? हा एवढा बदल अख्ख्या तासाच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करतो. त्यानंतर पहिल्या बल्बच्या आधी आणि शेवटच्या बल्बच्या नंतर ॲमीटर लावून आकडा सारखाच येतो हे दाखवा. शाळेतला ० ते ३ अँपिअरचा ॲमीटर इतक्या छोट्या धारेला काटा जेमतेम हलवतो, तेव्हा ५०० मिलिअँपिअरचा ॲमीटर किंवा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. मल्टिमीटरचा जादा फ्यूज खिशात ठेवा. कुणीतरी धारा मोजायच्या खुणेवर ठेवून तो थेट सेललाच लावतो, फ्यूज जातो आणि पुढचा सगळा तास मीटर शून्य दाखवत राहतो.

समांतर जोडणीतही अशीच एक खाच आहे. एक बल्ब पेटलेला असताना त्याला समांतर दुसरा लावला तर पहिला मंद होईल, असं मुलं सांगतात, कारण सेल ठरावीक वीज देतो आणि आता वाटेकरी दोन झाले. नव्या सेलवर पहिला बल्ब जवळपास तसाच राहतो. जुन्या, उतरलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे तो खरोखरच मंद होतो आणि मुलांचा चुकीचा तर्क सिद्ध झाल्यासारखा दिसतो. या तासाला सेल नवे कोरेच हवेत. पावसाळ्यात होल्डरच्या आणि वायरच्या टोकांवर गंज आणि मळ चढतो, तीही आदल्या दिवशी पॉलिश पेपरने घासून ठेवा.

ओहमच्या नियमासाठी बल्ब वापरू नका. फिलामेंट तापलं की त्याचा रोध वाढतो, आलेख वाकतो आणि मुलं आकडे ‘बसवायला’ शिकतात. विजेच्या शेगडीच्या जुन्या कॉइलचा तुकडा, म्हणजे नायक्रोमची तार, घ्या. आलेख सरळ येतो. बल्बचा वाकडा आलेख नंतर, हुशार मुलांसाठी ठेवा. एखादं मूल घरून १०० वॅटचा बंद पडलेला नव्हे तर चांगला बल्ब आणून मल्टिमीटरने मोजेल आणि विचारेल, सर, सूत्राने रोध ५२९ ओहम येतो, हा मीटर चाळीसच्या आसपास का दाखवतो? हा प्रश्न आला तर समजा तुमचा पाठ उत्तम झाला. सूत्राचा रोध २३० व्होल्टवर पांढऱ्या झालेल्या फिलामेंटचा आहे आणि मीटर थंड फिलामेंटचा दाखवतोय, हे त्यालाच शोधायला लावा. घरातल्या विजेवर, म्हणजे २३० व्होल्टवर, मुलांच्या हातून मात्र काहीही करून घेऊ नका. सेलवर सगळं होतं.

बल्ब, होल्डर, एलईडी, मीटर हे पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. आता टॉर्चही एलईडीचे झाले, त्यामुळे फिलामेंटचे छोटे बल्ब गावात मिळायला त्रास होतो, एकदम जास्त घेऊन ठेवा. एलईडी एकाच दिशेने पेटतो आणि व्होल्टेज थोडं कमी झालं की विझतोच, म्हणून वरचे प्रयोग त्याच्यावर होत नाहीत.

दहावीच्या विद्युतधारेच्या परिणामांच्या पाठात ओर्स्टेडचा १८२० सालचा शोध आहे. तारेतून धारा सोडली की चुंबकसूची हलते. नव्या शिक्षकाची सूची बरेचदा हलत नाही, कारण तार पूर्व-पश्चिम ठेवलेली असते. तार सूचीच्या वर आणि सूचीला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर, हवी. तेव्हा तारेचं चुंबकीय क्षेत्र सूचीला आडवं पडतं आणि ती वळते. १ सेंटिमीटर अंतरावर २ अँपिअर धारेचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला भरतं आणि आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर भागही साधारण तेवढाच आहे, म्हणजे सूची ४५ अंशांच्या आसपास वळायला हवी. हा हिशोब दहावीला सांगायचा नाही, तो तुमच्यासाठी आहे. किती परिणाम दिसायला हवा हे माहीत असलं की प्रयोग बिघडलाय की नाही ते तुम्हाला लगेच कळतं. सेल तारेने क्षणभरच जोडा, तापतो. आणि लोखंडी टेबलावर हा प्रयोग करू नका.

दहावीचं वर्ष गुरुत्वाकर्षणाने सुरू होतं, तेव्हा शाळेच्या पहिल्या आठवड्याची तयारी तीच. अंतराळस्थानकात अंतराळवीर तरंगतात कारण तिथे गुरुत्वाकर्षण नाही, असं जवळजवळ सगळ्या मुलांना, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मोठ्यांनाही वाटतं. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. तिथे g चं, म्हणजे गुरुत्व त्वरणाचं, मूल्य ८.७ मी/से² येतं, इथल्यापेक्षा जेमतेम ११-१२ टक्के कमी. हे आकडेमोडीने मुलांकडूनच काढून घ्या आणि मग विचारा, तर मग ते तरंगतात कसे? यासाठी प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण काढून टाका. भोकातून धार लागते. आता बाटली पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सोडली तर पडताना धारेचं काय होईल? अंदाज लिहून घ्या, कोपऱ्यात एकाला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला उभं करा आणि सोडा. पडत असताना धार बंद होते. बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने पडतायत, पाणी बाटलीवर दाब देत नाही. अंतराळवीर आणि त्याचं यानही तसेच एकत्र पडत आहेत, एवढंच की आडव्या वेगामुळे पृथ्वीची वक्रता त्यांच्याखालून सरकत राहते. मुक्तपतन हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहा.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला बैलगाडीचा प्रश्न येणारच: बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागे ओढते, तर गाडी चालते कशी? उत्तर पाठ करून जाऊ नका, चित्र काढून जा. गाडीचं वेगळं चित्र, त्यावर फक्त गाडीवरची बलं. बैलाचं वेगळं चित्र, त्यावर फक्त बैलावरची, त्यात जमीन त्याच्या खुरांना पुढे ढकलते तेही. दोन्ही बलं एकाच चित्रात काढली की गोंधळ झालाच. फळ्यावर वर्षभर हा नियम पाळा. एका चित्रात एकच वस्तू. याच सवयीतून दुसरा प्रश्न विचारा: वर फेकलेला चेंडू हातातून सुटून वर जात असताना त्याच्यावर कुठली बलं आहेत? अर्ध्याहून अधिक वर्ग वरच्या दिशेचा एक बाण काढेल, हाताचा ‘उरलेला’ जोर म्हणून. विचारा, हे बल कुणी लावलं? बल लावणारी वस्तू सांगता आली नाही तर बाण पुसायचा. हवेचा विरोध सोडला तर एकच बाण उरतो, खालच्या दिशेचा.

भिंगांचा पाठ अगदी स्वस्तात होतो. वर्गाची खिडकी उघडी, बाकी अंधार, बहिर्वक्र भिंगाने बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर घ्यायची. भिंग आणि कागदातलं अंतर मोजलं की नाभीय अंतर मिळालं. मग पुठ्ठ्याने भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला तर काय होईल? जवळपास सगळे म्हणतात, अर्धं झाड जाईल. झाड पूर्ण राहतं, फक्त प्रतिमा अंधूक होते. पुस्तकातल्या आकृतीत आपण दोनच किरण काढतो, त्यामुळे मुलांना प्रकाश त्या दोन किरणांतूनच जातो असं वाटायला लागतं. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण सबंध भिंगभर पसरतात, हे त्या पुठ्ठ्याने कळतं. चिन्ह संकेतांची गणितं त्यानंतर घ्या, आधी नको.

पाठांचा क्रम वार्षिक नियोजनात मुख्याध्यापकांशी बोलून ऋतूप्रमाणे थोडा हलवता आला तर बघा. दहावीच्या उष्णतेच्या पाठात दवबिंदू आणि आर्द्रता आहे. जुलै-ऑगस्टमध्ये स्टीलच्या पेल्यात पाणी आणि बर्फाचे दोन-चार खडे टाकले की पेला बाहेरून लगेच ओला होतो. तोच प्रयोग मराठवाड्यात किंवा विदर्भात हिवाळ्याच्या कोरड्या हवेत केलात तर पेला बराच जास्त थंड करावा लागतो. दोन्ही वेळा करून तापमानं वहीत लिहून ठेवली तर फारच छान. ऊन लागणारे प्रकाशाचे प्रयोग दिवाळीनंतर घ्या. सातवी-आठवीही तुमच्याकडे असेल तर घासून विद्युतभार निर्माण करण्याचे प्रयोग डिसेंबर-जानेवारीत ठेवा, पावसाळी हवेत फुगा कागदाचे कपटे उचलतच नाही. आणि उकळत्या पाण्यात तापमापी १०० दाखवत नाही म्हणून ती टाकून देऊ नका. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. तापमापी मात्र पाऱ्याऐवजी लाल अल्कोहोलची वापरा. पारा सांडला तर साठ मुलांच्या वर्गात तो गोळा करणं अशक्य आहे. नेहमीची अल्कोहोलची तापमापी उकळत्या पाण्यापर्यंत चालते की नाही ते तिच्यावरची शेवटची खूण बघून ठरवा.

गणितांबद्दल. ‘दिलेले, विचारलेले, सूत्र, उत्तर’ ही मांडणी परीक्षेला हवी, ती शिकवाच. पण आकडे घालण्याआधी प्रत्येक वेळी विचारा: उत्तर साधारण किती यायला हवं? मोटारीचं त्वरण ४०० आलं तर मुलांना खटकायला हवं. यासाठी गणितं घरातली घ्या. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग असतो, लहान ६ अँपिअरचा चालत नाही. त्यातलं १५ लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे १६ लाख ज्यूल लागतात, म्हणजे गळती सोडून १३ मिनिटं, आणि खर्च अर्ध्या युनिटहून थोडा कमी. उष्णता, विद्युत आणि लाइट बिल एका गणितात येतात. बिल खरंच घेऊन यायला सांगा. बरीच मुलं सूत्रात नाही, बैजिक फेरफारात अडकतात. V = IR वरून R काढता येत नाही, गुणोत्तर कळत नाही, १० चे घात चुकतात. गणिताच्या शिक्षकांशी जूनमध्येच बोला आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोज पाच मिनिटं यालाच द्या. पुढे वर्षभराचा वेळ वाचतो.

साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात चर्चा कशी होणार ही तुमची खरी काळजी असेल. हार्वर्डचे एरिक मझूर यांनी शेकडो मुलांच्या वर्गात जे केलं ते आपल्याकडेही चालतं. चार पर्याय फळ्यावर, प्रत्येकाने छातीजवळ एक ते चार बोटं धरायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही आणि तुम्हाला एका नजरेत वर्ग कळतो. बहुतेकांचं बरोबर असेल तर पुढे जा. अर्धे-अर्धे असतील तर दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवायला सांगा आणि पुन्हा बोटं. बहुतेक सगळे चुकले असतील तर प्रयोगाकडे जा. प्रश्न विचारल्यावर थांबायची सवय मुद्दाम लावून घ्या. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात, नेहमी गप्प असणारीही बोलायला लागतात. पहिल्या बाकावरचा हात वर आला तरी थांबा.

शाळा सेमी इंग्रजीची असेल तर पुस्तक आणि परीक्षा इंग्रजीत, पण मुलांना अंदाज आणि वाद मराठीतच करू द्या. विचार पक्का झाला की इंग्रजी संज्ञा आणि परीक्षेतलं वाक्य लगेच फळ्यावर द्या.

पोर्शन पूर्ण कसा होईल, हे मुख्याध्यापक विचारतील आणि पालकही. दहावीच्या विज्ञान भाग १ चा पेपर ४० मार्कांचा आहे, त्यात रसायनशास्त्रही येतं, आणि प्रात्यक्षिकाचे मार्क वेगळे. वेळ वाचवायचा तो नोट्स उतरवून देण्यात. मुलांकडे पुस्तक आहे, बहुतेकांकडे गाइडही आहे. फळ्यावरून प्रश्नोत्तरं वहीत उतरवण्यात जाणारे तास काढून घेतलेत तर वर सांगितलेलं सगळं बसतं. प्रत्येक संकल्पनेला प्रयोगही नको. प्रत्येक पाठात मुलं खरोखर अडतात अशा दोन-तीन जागा शोधा, तिथे थांबा. धातूंची यादी, उपयोग, व्याख्या हे त्यांना घरी वाचू द्या.

आता पुस्तकं. बालभारतीची सहावी ते आठवीची विज्ञानाची पुस्तकं आधी वाचा, मुलांना याआधी काय आणि कोणत्या शब्दांत सांगितलं गेलंय ते कळेल. ती ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मग नववी-दहावीच्या स्वाध्यायातलं प्रत्येक गणित स्वतः कागदावर सोडवा, तोंडी नाही. वरच्या बाजूला एन.सी.ई.आर.टी.ची अकरावी-बारावीची तेवढीच प्रकरणं पुरेत. नववीसाठी प्रवेश परीक्षांच्या जाड पुस्तकांत शिरू नका. संगणक असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट (PhET) हे पडद्यावर करायच्या प्रयोगांचे खेळ मराठीतही आहेत, विद्युत परिपथाचा चांगला आहे, पण तो खऱ्या बल्बनंतर. पुण्याच्या आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊतून केलेल्या खेळण्यांच्या छोट्या फिती मराठीत उपलब्ध आहेत. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, मुंबईला जाणं झालं तर तिथे एक दिवस जरूर द्या.

शाळा उघडायच्या आधी दोन दिवस मिळवा आणि ते कपाट उघडा. काय चालतं, काय दुरुस्त होईल, काय फेकायचं याची यादी करा. भिंगं बहुधा चांगली निघतील, चुंबक उतरलेले असतील, ॲमीटरचे काटे अडकलेले असतील. स्प्रिंगचे ताणकाटे अर्धा किलो साखरेच्या पाकिटावर तपासून घ्या. तालुक्यात तुमच्यासारखे विज्ञानाचे आणखी शिक्षक असतील, तालुका विज्ञान प्रदर्शनात भेटतील, पण त्याची वाट न बघता आधीच फोन करा. तुमच्याकडे मल्टिमीटर, त्यांच्याकडे चांगले ताणकाटे, असं साहित्य दोन-तीन शाळांत फिरवून वापरता येतं आणि त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.